आमच्या ह्यांना मागणी

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात माझ्याशी बोलल्या आणि माझी पायरी चुकली. आमच्या ह्यांना पकडून नेलं त्या आठवड्यापासून मी समोर आले की या बाई किल्ली शोधायला लागायच्या. पर्समध्ये, पिशवीत, एकदा तर किल्ली हातात धरून किल्ली शोधत होत्या. त्या सकाळी शोधाशोध नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अभिनंदन हं!" कशाबद्दल, असं विचारायला जीभ उचलेना. आपल्या घरात काय चांगलं झालंय ते शेजारणीला विचारायचं म्हणजे आपल्याच लग्नात नवरा कोणता म्हणून चौकशी केल्यासारखं. मी "हो, हो" म्हटलं आणि कठडा धरून खाली उतरले. डोक्यात माणसांचा जमाखर्च मांडायची मला जुनी खोड आहे. ह्यांना नेल्यावर पहिल्या आठवड्यात जे विचारपूस करायला आले ते एका बाजूला, दुसऱ्या आठवड्यात "आमचा तो डबा राहिलाय बघा तुमच्याकडे" म्हणत आले ते दुसऱ्या बाजूला, आणि जे फिरकलेच नाहीत ते बुडीत खात्यात. खालच्या बाई बुडीत खात्यातल्या. बुडीत खात्यातून अचानक काही जमा झालं की शहाण्या माणसाने आधी घाबरावं.

घाबरण्यासारखं काय ते बसमध्ये कळलं. पुढच्या बाकावरच्या माणसाने पेपर उघडला आणि घडीमागून हे माझ्याकडे बघायला लागले. तोच जुना फोटो, कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाचा, तोंड अर्धं उघडं. ह्यांना तेव्हा शिंक येत होती. शिंक येणारा माणूस फोटोत हमखास गुन्हेगार दिसतो, हे मी वकिलांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, बाई, निकाल फोटोवरून लागत नाही. निकाल कशावरून लागला ते मला अजून नीट कळलेलं नाही. फोटोखाली लिहिलं होतं की या हेराला मुदतीआधी सोडण्याचा विचार चालू आहे, त्या बदल्यात पलीकडच्या देशाच्या तुरुंगातले आपले दोन इंजिनियर परत मिळतील. त्या माणसाने पान उलटलं आणि खेळाच्या बातम्या वाचायला लागला. मला वाटलं त्याच्या खांद्यावर टकटक करून म्हणावं, अहो, एक मिनिट, ते पान परत लावा, माझा नवरा आहे तिथे.

हे सरकारी मोजणी खात्यात बंदरांच्या तळाचे नकाशे काढायचे. पाण्याखाली कुठे खोल, कुठे उथळ, कुठे खडक. घरी कधी कामाचं बोलत नसत, आणि मीही विचारत नसे. पाण्याच्या तळाशी काय आहे हे कळून मला काय करायचं होतं? कोर्टात सरकारी वकील म्हणाले की ते नकाशे पलीकडे गेले, ह्यांच्या हातून गेले, वर्षानुवर्षं गेले. हे म्हणाले, मला वरच्यांनी अडकवलं. दोघेही सारख्याच खात्रीने बोलत होते. मी ह्यांच्या बाजूच्या बाकावर बसले होते म्हणून मला ह्यांचं पटलं. विश्वास म्हणतात तो बहुतेक असाच असतो. आपण कुठल्या बाकावर बसलो आहोत त्यावर ठरतो, आणि मग उठता येत नाही. सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या बाकावर बसल्याच नाहीत, कोर्टात पाऊल टाकलं नाही. "माझ्या पोटातून आलाय, मला साक्षीदार लागत नाहीत," म्हणाल्या. एवढी वर्षं आम्ही दोघींनी त्या एका वाक्यावर घर चालवलं. हेर हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. 'ते प्रकरण' म्हणायचं. 'त्या प्रकरणाच्या आधी' घेतलेला फ्रिज, 'त्या प्रकरणानंतर' बदललेले पडदे.

मी शहराच्या बस कंपनीत नोकरी करते, हरवले-सापडले खिडकीवर. प्रवासी गाडीत जे विसरतात ते रोज माझ्याकडे येऊन पडतं. छत्र्या, चष्मे, एका पायाचे बूट, कवळ्या. एकदा कुबडी आली होती. माणूस कुबडी घेऊन चढला आणि तशीच सोडून उतरला, म्हणजे वाटेत बरा झाला असणार. या कामाची एकच रीत आहे. वस्तू आधी दाखवायची नाही. आधी खूण विचारायची. नवीन लागलेली माणसं हीच चूक करतात, "ही का तुमची?" म्हणून पिशवी उचलून धरतात, आणि मग जगातल्या कुठल्याही माणसाला ती आपलीच वाटते. खूण सांगताना लबाड माणूस गुण सांगतो. काळी बॅग, चांगली मोठी, भारीतली. खरा मालक दोष सांगतो. आतल्या कप्प्याची चेन अर्ध्यावर अडते. छत्रीची एक काडी वाऱ्याने वाकलीय. जिचा दोष माहीत आहे ती वस्तू आपली. इतकी वर्षं हा नियम मी चालवत आले. त्याची धार आपल्यालाच लागेल असं डोक्यात कशाला येईल?

दुपारी खिडकीसमोर एक गृहस्थ उभे राहिले. छत्रीवाल्या आजोबांच्या मागे निमूट रांग लावून आले होते. मी सवयीने म्हटलं, "काय हरवलं?" ते इतक्या हळू बोलले की मला खिडकीतून मान बाहेर काढावी लागली. "मी परराष्ट्र खात्यातून आलोय. दोन मिनिटं आत बसून बोलता येईल का?" समोरच्याला वाकवायचं असेल तर आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो, ही विद्या त्यांना चांगली येत होती. मी मनात त्यांचं नाव हळूसाहेब ठेवलं आणि मागच्या खोलीत छत्र्यांच्या गठ्ठ्यांमध्ये त्यांना स्टूल दिलं. ते बसण्याआधी स्टूल झटकायला विसरले नाहीत.

"पेपरात आलं ते यायला नको होतं," ते म्हणाले. "पण आलंच आहे तर सांगतो. वर दोन मतं आहेत. एक म्हणतं, आत्ताच देऊन टाका. माणूस जुना होत चाललाय, अजून चार वर्षांनी कुणी विचारणार नाही. दुसरं म्हणतं, थांबा. समोरच्याला गरज आहे, अजून काही पदरात पडेल."

"म्हणजे भाजीसारखं," मी म्हटलं. "सकाळी विकायची की संध्याकाळपर्यंत थांबायचं."

ते हसले नाहीत. "तसं म्हणा. तर त्यात तुमची मदत हवी आहे. तुम्ही दयेचा अर्ज करायचा. वय झालं, प्रकृती बरी नाही, घरी वृद्ध आई. सरकारने समोरच्यांच्या मागणीवरून सोडलं तर ते झुकल्यासारखं दिसतं. बायकोच्या विनंतीवरून सोडलं तर मोठ्या मनाचं."

"पण दया मागायची म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही का?"

"बाई," ते आणखी हळू झाले, "आता ते कोण बघतंय?"

मी विचारलं, हे तिकडे गेले की परत? ते म्हणाले, परत नाही. मी? तुम्हाला जाता येईल, पण मग तुम्हीही परत नाही. आणि माझ्या सासूबाई? त्यावर ते छत्र्यांकडे बघायला लागले. मग माझी समजूत काढावी म्हणून असेल, माणूस वाईट नव्हता, म्हणाले, "ते लोक काळजी घेतील तुमच्या मिस्टरांची. तसे फार बारकाईने वागतात. आत्तासुद्धा नेण्या-आणण्याच्या तपशिलात त्यांनी मुद्दाम कळवलंय की गाडीत त्यांना उलट्या दिशेला तोंड करून बसवू नका, त्यांना उलटी होते. बघा, एवढं कोण बघतं?"

एवढं कोण बघतं. बाहेर कुणीतरी खिडकीची काच वाजवत होतं, "अहो, कुणी आहे का?" आणि मी आहे की नाही हे मला सांगता येईना. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा आगगाडीने गेलो तेव्हा हे डब्यात चढले ते समोरासमोरच्या बाकांपैकी एकावर बसलेल्या म्हातारबांना म्हणाले, काका, मला जरा ऊन लागतंय, जागा बदलता का? ऊन कसलं, आभाळ भरून आलेलं होतं. मी हसले तेव्हा कानाशी येऊन म्हणाले, गाडी पुढे आणि माझं तोंड मागे असं झालं की पोटात ढवळतं, लहानपणापासून आहे, कुणाला सांगू नकोस, लोक चिडवतात. मी सांगितलं नाही. सासूबाईंना माहीत होतं, मला माहीत होतं. ऑफिसच्या सहलींना हे कधी गेले नाहीत. टॅक्सीत पुढे बसायचे. तुरुंगाच्या गाडीतून कोर्टात आणायचे तेव्हा त्या गाडीला दोन्ही बाजूंनी आडवे बाक; तोंड पुढे नाही, मागे नाही. डॉक्टरांच्या कागदात खोकला आहे, दाढ आहे, हे नाही. वकिलांना मी ह्यांचं सगळं पोथीसारखं वाचून दाखवलं होतं, हे सोडून, कारण वचन दिलेलं. मग पलीकडच्या देशात, कुठल्या कचेरीत बसलेल्या कुठल्या माणसाला हे माहीत? त्यासाठी एकदा तरी ह्यांच्यासमोर गाडीत बसायला लागतं. ह्यांना घाम फुटताना बघायला लागतं, खिडकी खाली करून द्यायला लागते, आणि हे इतके आपलेसे व्हावे लागतात की त्या माणसाच्या कानाशी जाऊन म्हणतील, कुणाला सांगू नका. मी कितीतरी वाटा शोधल्या. आगगाडीतल्या त्या म्हातारबांनी सांगितलं असेल. सासूबाई कुणाजवळ बोलल्या असतील. पण खिडकीवर बसून बसून मला दुसऱ्यांच्या असल्या वाटा पाठ झाल्यात. लबाडाने कितीही वळणं घेतली तरी मला चेन कुठे अडते ते कळतं. आता वळणं मी घेत होते आणि खिडकीच्या आतही मीच बसले होते. दुसरीबिसरी असती तर बरं झालं असतं असं वाटलं. सवतीला निदान केस असतात, ती सापडते, तिच्या झिंज्या धरता येतात. एका अख्ख्या देशाच्या झिंज्या कुठून धरायच्या?

घरी सासूबाईंना बातमी लागलीच होती. त्यांनी ह्यांचे कपाटातले शर्ट काढून खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातल्यासारखे टाकले होते. अख्ख्या घरात हे, मुंडकं नसलेले, बसलेले. "वास घालवतेय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, ते घरी नाही यायचे. ते तिकडे जाणार, कायमचे." "बाहेर तर येणार?" "हो." "मग झालं." मी म्हटलं, "आई, पण त्यांनी मागितलंय ह्यांना. ह्यांचं त्यांच्याशी काही नाही तर ते कशाला मागतील?" सासूबाईंनी एका शर्टाची कॉलर उलटी करून बघितली. "मागणी काय गं, चांगल्या मुलीला दहा ठिकाणाहून येते. त्यात मुलीचा काय दोष?" मला हसू आलं. गाडीतल्या जागेचं मी त्यांना सांगणार होते. पण त्या त्या शर्टाची बटणं लावत होत्या, वरपासून खालपर्यंत, आत माणूस असल्यासारखी. मी सांगितलं नाही. एकाच घरात दोघींनी रिकामं व्हायचं कशाला, असं वाटलं.

त्या महिन्याच्या भेटीला मी गेले. तुरुंगातल्या भेटीत आमच्यामध्ये काच असते, काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन, आणि ह्यांच्या मागे पहारेकरी. आमच्या संसारात तिसरा माणूस कायम कान देऊन बसलेला असतो. आम्ही त्याच्यासाठी म्हणून चांगलं बोलतो, पाहुणा असल्यासारखं. हे दाढी गुळगुळीत करून आले होते. डोळ्यांत एक चमक होती, ती मी फार वर्षांत बघितली नव्हती आणि तिने मला आनंद व्हायला हवा होता. "हे बघ," हे म्हणाले, "मी काही त्यांचा माणूस नाही, ते तुला माहीतच आहे. पण बाहेर पडायला मिळतंय तर का नाही म्हणा? तू सही कर." मी म्हटलं, "आणि मी?" "तूही ये की मागाहून. आईची काहीतरी सोय बघू." काहीतरी. मला विचारायचं होतं, गाडीत समोर कोण बसलं होतं? एवढं एकच. कुठे चालला होतात, किती वेळा, त्याने खिडकी उघडली का, पाणी दिलं का. फोन हातात होता, तोंड फोनला लागलेलं होतं. पण पहारेकरी ऐकत होता. मी विचारलं असतं तर तो प्रश्नसुद्धा पुरावा झाला असता, आणि ह्यांनी काहीही उत्तर दिलं असतं तर त्याहून मोठा. जगात आम्ही दोघं फक्त एकाच जागी भेटू शकतो आणि त्याच जागी खरं विचारता येत नाही. मी म्हटलं, "दाढ कशी आहे?" हे म्हणाले, "बरी आहे."

सही करावी की करू नये यावर मी फार विचार केला असं मला सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी विचारासमोर बसून राहिले, दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघत बसतात तसं. सही केली तर ह्यांना बाहेर काढल्याचं पुण्य, आणि आपल्या हाताने ह्यांना त्यांच्या स्वाधीन केल्याचं जे काय असेल ते. नाही केली तर ह्यांना आत ठेवलं. कशासाठी, तर मला एका गाडीतल्या माणसाचा हेवा वाटतो म्हणून. आणि मी नाही केली तर सासूबाई करतील, हळूसाहेबांना अंगठासुद्धा चालेल. म्हणजे माझ्या नाही म्हणण्याची किंमत माझ्यापुरतीच.

अशात एका संध्याकाळी दार वाजलं. दारात माझ्याच वयाची एक बाई, उंच, नीटनेटकी, पण चपला घराच्या, घाईत तशाच निघाल्यासारख्या. "मी त्या दोघांपैकी एकाची बायको," म्हणाली. पलीकडे धरून ठेवलेल्या इंजिनियरपैकी. मी तिला आत घेतलं. सासूबाईंनी एका खुर्चीवरचा शर्ट उचलून तिला जागा करून दिली आणि चहा ठेवायला गेल्या. इंजिनियरीणबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"तुमची सही अडलीय असं कळलं."

"अडली नाही. पडलीय."

"हे बघा, मला गोड बोलता येत नाही. तुमच्या मिस्टरांनी जे केलं ते केलं. आमच्यांनी काहीसुद्धा केलेलं नाही. तिकडे धरण बांधायला गेले होते, एक फोटो काढला म्हणून धरलं. आणि तरी हात जोडायला मला तुमच्या दारात यायला लागतं. याचा मला किती राग येत असेल सांगा."

"आमच्यांनीही काही केलेलं नाही," मी म्हटलं. एवढ्या वर्षांच्या सवयीने तोंडातून आपोआप आलं.

त्या म्हणाल्या, "असं?"

"तिकडच्या बायकाही तुमच्या ह्यांच्याबद्दल 'असं?' म्हणत असतील."

आत कपबशा वाजत होत्या. इंजिनियरीणबाईंचा ओठ जरा हलला. "म्हणजे तुमचे निर्दोष, आमचे निर्दोष. मग ही अदलाबदल कसली चाललीय?"

"निर्दोषांचीच. हेर कुणी कुणाला सापडतच नाहीत वाटतं."

आम्ही दोघी हसलो. आधी दबकून, मग तोंडाला हात लावून. सासूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते त्यांना हवं तसं समजून घेतलं. मग मी एकदम विचारलं, "तुमचे हे गाडीत कुठे बसतात?"

"म्हणजे?"

"आगगाडीत, बसमध्ये. तोंड कुठे करून?"

"खिडकीशी बसतात. तोंड कुठे का असेना, बसले की घोरतात." त्यांना मी जरा चळलेली वाटले असणार. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "माझी मुलगी त्यांचा आवाज विसरलीय हो. फोटो दाखवला की ओळखते. आवाज म्हटला की माझ्या भावाचा सांगते." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले, रागाने, दात आवळून.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. कुणासाठी केली ते मला कुठल्याच बाजूला मांडता येत नाही. हळूसाहेबांनी पेन पुढे केलं आणि मी म्हटलं, माझ्याकडे आहे. एवढाच काय तो माझा बाणा.

मग वाट बघणं. हळूसाहेबांचा फोन यायचा: दुसरं मत जोर धरतंय, पहिलं मत परत जोर धरतंय, आता नक्की. सासूबाईंनी तोवर मला न सांगता आपलं ठरवून टाकलं होतं. "तू जा त्याच्याबरोबर," भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी धाकट्या लेकीकडे जाईन. धाकटीचा नवरा तोंड वाकडं करील, पण त्याचं तोंड तसंही सरळ नाही." मी गेले असते का? रस्त्यातून चालताना मी कधीकधी परक्या गावात असल्यासारखी चालून बघत असे. ही दुकानं माझी नाहीत, ही पाटी मला वाचता येत नाही. फार अवघड जात नव्हतं. आणि त्या गावातल्या एखाद्या घरी आम्हाला चहाला बोलावलंय, एक अनोळखी माणूस दार उघडतोय, ह्यांच्या खांद्यावर हात टाकतोय, माझ्याकडे वळून म्हणतोय, वहिनी, तुमच्याबद्दल फार ऐकलंय, इथपर्यंत मी यायची आणि समोरून येणारं कुणीतरी मला धडकायचं.

तुरुंगातून कळवलं होतं की ह्यांना सामान बांधायला सांगितलंय. दिवस ठरला. त्या दिवशी मी रजा घेतली. टीव्हीसमोर मी आणि सासूबाई. विमानतळावर लांबून घेतलेलं चित्र, हलणारं. आपले दोघे विमानाच्या जिन्यावरून उतरले. त्यातला एक जाड, त्याने खाली येताच कुणाला तरी गच्च धरलं. पाठमोरी बाई, उंच. तिच्या चपला दिसल्या नाहीत. मग पलीकडे जाणारा माणूस दाखवला. गाडीतून उतरला, दोन पोलिसांमध्ये, टोपी घातलेला, चटपटीत चालणारा. सासूबाई म्हणाल्या, "किती बारीक झालाय गं." मी म्हटलं, "आई, हे नाहीत ते." "टोपीमुळे तुला तसं वाटतंय." तो माणूस जिना चढला, वरच्या पायरीवर वळला, टोपी काढून हलवली. पंचविशीतला पोरगा होता. सासूबाई टीव्हीजवळ गेल्या आणि काचेवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, तो पोरगा बाजूला झाला की मागे आपला असेल म्हणून.

हळूसाहेबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज प्रथमच नीट ऐकू येत होता. शेवटच्या घटकेला समोरच्यांनी नाव बदललं. हा पोरगा परवापरवा सापडलेला, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. "तो ताजा आहे, बाई. त्याच्याजवळ अजून सांगण्यासारखं काही असेल. तुमच्या मिस्टरांचं…" मी म्हटलं, "जुनं झालं." ते म्हणाले, "आम्ही सुचवून बघितलं, दोघांना घ्या म्हणून. नको म्हणाले." म्हणजे आमच्या सरकारने ह्यांना वर फुकट देऊ केलं आणि तरी कुणी घेतलं नाही. अर्ज? तो आहेच फाइलला, ते म्हणाले, आणि आता कारण नाही म्हणून फेटाळल्याचं रीतसर कळवलं जाईल.

भेटीच्या दिवशी मी काचेसमोर लवकर जाऊन बसले. हे आले. नवे कापलेले केस, जुने तुरुंगाचे कपडे. खुर्ची ओढली, फोन उचलला. मी आईंचं सांगितलं, धाकटीचं सांगितलं, नळ गळत होता तो दुरुस्त करून घेतल्याचं सांगितलं. ह्यांचं लक्ष नव्हतं. खालचा ओठ पुढे आला होता. तो ओठ मी ओळखते. खात्यात ह्यांना डावलून एका कालच्या मुलाला बढती दिली होती तेव्हा हे आठवडाभर असेच जेवले होते, ओठ पुढे काढून.

"कोण गेला म्हणे?" हे शेवटी म्हणाले.

"कुणी रेडिओ दुरुस्त करणारा."

"तो?" ह्यांचा आवाज एकदम चढला. पहारेकऱ्याने मान वर केली. "त्याला इथे येऊन आठ दिवस झाले नव्हते. त्याला काय कळतं? त्याने काय दिलं असेल त्यांना, सांग ना? दोन-चार…" ह्यांनी हात हवेत फिरवला आणि खाली ठेवला. "आणि मी इतकी वर्षं…"

पुढचं बोलायची गरज राहिली नव्हती. मी एवढी वर्षं ज्या बाकावर बसले होते तो बाक कुणीतरी अलगद काढून घेतला, आणि मी पडले नाही, तशीच अधांतरी बसून राहिले. फोन कानाला, पर्स मांडीवर. राग येईल असं वाटलं होतं. बघते तर समोर काचेपलीकडे एक म्हातारा होत चाललेला माणूस बसलेला, खेळायला कुणी न घेतलेल्या पोरासारखा, आणि त्याला घरी नेणं माझ्या हातात नाही, तिकडे पाठवणं माझ्या हातात नाही, नुसती समजूत काढणं तेवढं आहे.

"पुढच्या वेळी तुमचंच नाव असेल, बघा," मी म्हटलं.

"असेल ना?"

"असणारच. एवढं केलंत तुम्ही त्यांच्यासाठी."

पहारेकऱ्याने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि परत आपल्या बोटाचं नख कुरतडायला लागला. ह्यांचा ओठ हळूहळू मागे गेला, आणि ह्यांनी मान हलवली, दोनदा, मनापासून.

"बॅग मी उघडलेली नाही अजून," हे म्हणाले. "भरलेली तशीच ठेवलीय."

"बरं केलंत," मी म्हटलं.